राजीनाम्याची जिलबी

आमच्या बऱ्हाणपुरात त्या दिवसांत नवा साहेब आला की आधी वळकटी सोडायचा आणि मग समिती काढायचा. नवं राज्य नुकतंच झालं होतं. राजधानी नागपूरहून भोपाळला गेली होती, आणि ज्यांची एकमेकांशी ओळखदेख नव्हती असे चार मुलूख सरकारनं एका दाव्याला बांधले होते. रीवाकडचे साहेब आमच्याकडे, आमच्याकडचे कारकून ग्वाल्हेरीकडे, असा सगळा घोळ चालला होता. सरकारी भाषेत याला एकीकरण म्हणत. आमच्या गल्लीत नुसतं 'बदल्या' म्हणत.

अशाच रीवाकडून आलेल्या एका साहेबांच्या समितीत मी होते. कशी गेले म्हणाल, तर त्यांना एक बाई सभासद हवी होती आणि ती शिकलेली हवी होती. मी मुलींच्या शाळेत शिकवत होते आणि माझे सासरे समितीचे अध्यक्ष होते. त्यांनी प्रश्न घरातल्या घरात सोडवला. "सूनबाई, आज शाळा सुटली की परस्पर राजघाटावरच्या धर्मशाळेत या," म्हणाले. मी विचारलं, कशाला? "सभासद आहात तुम्ही," ते म्हणाले आणि चहाचा कप माझ्याच हातात देऊन बाहेर पडले.

सासऱ्यांना आम्ही सगळे आबा म्हणायचो. ते निवृत्त हेडमास्तर होते, म्हणजे पगार थांबला होता एवढंच. गल्लीतून जाताना लोकांच्या पाट्यांवरच्या वेलांट्या अजून दुरुस्त करत. पहिल्याच बैठकीत त्यांनी समितीच्या नावाला हरकत घेतली. साहेबांनी नाव ठेवलं होतं 'स्वास्थ्य समिती'. आबा उभे राहून म्हणाले, "मराठीत स्वस्थ बसणं म्हणजे काहीही न करणं. ही काय स्वस्थ बसणाऱ्यांची समिती आहे? 'आरोग्य समिती' म्हणा." साहेब हात जोडून म्हणाले, "जी, वही तो है।" यावर पहिली बैठक संपली.

साहेब माणूस मात्र भला होता. स्वतःला 'हम' म्हणायचा आणि चपराशालाही 'आप'. त्याची योजना साधी होती. बाळंतीण बायका आणि तान्ही मुलं यांच्यासाठी एक नर्सबाई आणायची. सरकार नर्स आणि औषधांची पेटी देणार. शहरातली मंडळी खाट, चादरी, भांडीकुंडी जमवणार. नदीकाठच्या गावांपैकी कुणीतरी जागा देणार. "इसी को कहते हैं साझेदारी," साहेब म्हणाले. सभासदांनी माना डोलावल्या खऱ्या, पण आमच्याकडे कापसाच्या पेढ्यांमुळे भागीदारी हा शब्द फार चांगल्या आठवणींचा नव्हता. भागीदारी म्हटलं की लोकांना पुढचं कोर्टच दिसायचं.

तंटा झाला तो जागेवरून. आबांचं म्हणणं, नर्स राजघाटावरच्या धर्मशाळेतच बसावी. पक्की खोली आहे, पाणी आहे, खेड्यातल्या बायका गाडीत बसून येतील. जसोंडीचे पाटील म्हणत, नर्स आमच्या गावात पाहिजे. पाटील केळी-कापसाचे मोठे बागाईतदार होते आणि त्यांचा साधा बोलायचा आवाजही मळ्यातून हाक मारल्यासारखा असायचा.

"बायकाइच्या कळा म्हंजे तुमच्या शाळंची घंटा हाये का मास्तर?" पाटील गरजले. "वाजली का निंघाल्या दप्तर घेऊन?"

"'बायकाइच्या' नव्हे, 'बायकांच्या'," आबा म्हणाले.

तिथून पुढं बैठक जागेवरून व्याकरणावर गेली, व्याकरणावरून मास्तरकी आणि पाटीलकीवर गेली, आणि मी आपली सभासद म्हणून गप्प बसून राहिले. सून असले की अध्यक्षाच्या विरुद्ध बोलता येत नाही. पण मनातून मला पाटलांना ओवाळावंसं वाटत होतं, कारण माझी ताई जसोंडीतच दिली होती.

ताईचं आधी सांगते, कारण तिच्यावाचून मला या समितीशी काही देणंघेणं नव्हतं. ताईची दोन मुलं जन्मताच गेली होती. पहिलं घरात, कुणी जाणतं जवळ नसताना. दुसऱ्या वेळी दाजींनी, म्हणजे तिच्या नवऱ्यानं, शहाणपणा करून तिला बैलगाडीत घातलं आणि शहराकडं निघाले. चिखलात गाडी रुतली आणि जे व्हायचं ते वाटेतच झालं. तिसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा तिनं फक्त मला सांगितलं, आणि सांगितलं तेही दटावून. "कुणाजवळ बोलायचं नाही. आणि मी आता गाडीत बसणार नाही. काही झालं तरी नाही." ताई लहानपणापासून हट्टी. तिनं नाही म्हटलं की ते नाहीच. म्हणजे नर्स राजघाटावर बसली तर ती ताईच्या काहीच कामाची नव्हती. ती जसोंडीतच यायला हवी होती, आणि तीही ताईचे दिवस भरायच्या आत. हे मी भर बैठकीत पुरुषांसमोर कसं सांगणार? ताईनं मला जन्मभर घरात घेतलं नसतं.

बैठका होत राहिल्या. प्रत्येक बैठकीत आबा आणि पाटील नव्यानं भेटत आणि नव्यानं भांडत. शेवटी साहेबांनी बजावलं, "अगले हफ़्ते तक तय नहीं हुआ तो सिस्टर को हम खकनार की तरफ़ भेज देंगे।" खकनार म्हणजे जसोंडीपासून पार लांब. तो आठवडा मला अन्न गोड लागलं नाही. शाळेत मी पोरींना नाहक रागवत होते. ताईला सातवा संपत आला होता.

ती शेवटची बैठक मला काल झाल्यासारखी आठवते. आबांनी धर्मशाळेच्या फायद्यांवर भाषण केलं. पाटलांनी मध्येच जांभई दिली, तीही मोठ्यानं. आबा म्हणाले, ही जांभई सभेचा अपमान आहे. पाटील म्हणाले, जांभई माही हाये, सभेची न्हाई. साहेब बिचारा घाम पुसत होता. शेवटी उठून त्यानं दोघांपुढं हात जोडले.

"आप दोनों बुज़ुर्ग हैं। हमारी एक ही बिनती है। आज आप दोनों राजीनामा कर ही लीजिए। बाकी हम पर छोड़ दीजिए।"

आबांची मान झटक्यात वर झाली.

आता घोटाळा नीट समजून घ्या. साहेबांच्या हिंदीत राजीनामा म्हणजे समेट. दोघं राजी झाले, राजीनामा झाला, कोर्टातही असंच म्हणतात. आमच्या मराठीत मात्र राजीनामा म्हणजे पद सोडून घरी जाणं. बऱ्हाणपूरच्या माणसाला हे दोन्ही अर्थ ठाऊक असतात. भाजी घेतानासुद्धा आम्ही वाक्य हिंदीत सुरू करून मराठीत संपवतो. पण रागावलेला माणूस घरच्या भाषेतच ऐकतो, आणि आबा त्या क्षणी चांगलेच तापलेले होते.

ते उभे राहिले. उपरणं सारखं केलं. "एवढ्या वर्षांच्या सेवेत माझ्याकडं कुणी राजीनामा मागितला नाही. तुम्ही मागितलात. घ्या. दिला. या क्षणी दिला राजीनामा!"

पाटलांना वाटलं, मास्तर मानानं चालला आणि आपण मात्र मागं चिकटून राहिलो. तेही उठले. "मंग मी काय कमी हाये का? घ्या, माहा बी राजीनामा!"

साहेबाचा चेहरा असा उजळला की बस्. "वाह! ये हुई न बात!" म्हणून त्यानं आबांचे दोन्ही हात धरून हलवले, मग पाटलांचे हलवले. दोघं थक्क होऊन बघत राहिले. राजीनामा दिल्यावर एवढा आनंद झालेला साहेब त्यांनी कधी पाहिला नव्हता. त्यानं चपराशाला बोलावून फर्मावलं, "दौड़ के जाइए, गरम मावा जलेबी ले आइए। सबके लिए।"

आबा पांढरे पडले. माझ्या कानात म्हणाले, "पाहिलंत? आम्हाला काढलं म्हणून जिलबी वाटतोय!"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. साहेब काय समजला, आबा काय समजले, पाटील काय समजले, सगळं मला एकाच वेळी दिसलं. मी तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात, आधी नमले ते आबा असं धरून, साहेब त्यांना विचारू लागला, "तो गुरुजी, फिर जसोंडी ही रखें?"

"आता मला कशाला विचारता?" आबा कडाडले. "जसोंडी करा, नाहीतर जहन्नम करा!"

"जसोंडी!" साहेब गहिवरला. "गुरुजी का दिल बड़ा है। और पाटिल साहब?"

"मले बी इचारू नका," पाटील म्हणाले. "तुमचं तुम्ही पाहा."

"पाटिल साहब भी राज़ी।" मग साहेब माझ्याकडं वळला. "और बहनजी, आप?"

मी उघडलेलं तोंड मिटलं आणि पुन्हा दुसऱ्या कामाला उघडलं. "जी, जसोंडी ही ठीक है साहब," मी म्हटलं. "सिस्टर को जल्दी भेज दीजिए।" लबाडी होती का? होती. मला तिचं आजही काही वाटत नाही.

जिलबी आली. काळसर तांबडी, तुपात निथळणारी. आबांनी तिला हात लावला नाही. पाटलांनी दोनदा घेतली. "राजीनामा देल्ला म्हून जिलबीवर राग कायले?" असं म्हणाले आणि पानही मागितलं.

पुढचे दिवस आबा गल्लीत भेटेल त्याला राजीनाम्याची हकीगत सांगत होते. दर खेपेला तिच्यात त्यांचं भाषण वाढत जाई आणि साहेबाची उंची कमी होई. मी मात्र नर्सची वाट पाहत होते. शाळेतून घरी येताना स्टेशनाकडून येणारा प्रत्येक टांगा वाकून बघायची.

नर्सबाई आली ती थेट आमच्या दारात. जबलपूरकडची, सडपातळ, हातात छत्री, मागं हमालाच्या डोक्यावर पत्र्याची ट्रंक. तिला सांगितलं होतं की अध्यक्षांना भेट. आबा ओट्यावर वर्तमानपत्र वाचत होते.

"अध्यक्षजी?" तिनं विचारलं.

"अध्यक्ष इथं राहत नाहीत."

"तो कहाँ रहते हैं?"

"अध्यक्ष नाहीतच," आबा म्हणाले आणि वर्तमानपत्र तोंडापुढं धरलं.

नर्सबाईनं ट्रंक ओट्यावर ठेवून घेतली, तिच्यावर बसली आणि छत्री मांडीवर आडवी धरली. "ठीक है। जब तक होंगे, मैं यहीं बैठूँगी।" गल्लीतली माणसं जमू लागली. शिंप्यानं तर मशीनच थांबवलं. मी आतून चहा घेऊन आले आणि आबांना ऐकू जाईल इतपत आवाजात म्हटलं, "बरंच झालं म्हणायचं आबा. आता नर्स इथून परत गेली की साहेब म्हणेल, पाहा, या म्हाताऱ्यांच्या हातून काही होत नव्हतं. काढलं ते उत्तम केलं."

वर्तमानपत्र खाली आलं. आबा म्हणाले, "असं म्हणेल?"

"म्हणेलच. जिलबी परत वाटेल."

तासाभरात आबांची स्वतःची शिसवी खाट बैलगाडीत चढली होती. खाटेवर नर्सबाईची ट्रंक, घरातल्या चादरी, पितळी घंगाळ, आणि पुढं गाडीवानाशेजारी आबा. जाताना शिंप्याला ओरडून सांगत होते, "मी राजीनामा समितीचा दिला आहे, माणुसकीचा नाही!" हे वाक्य त्यांना इतकं आवडलं की जसोंडीपर्यंत वाटेत भेटेल त्या प्रत्येकाला त्यांनी ते ऐकवलं. मी मागं खाट धरून बसले होते, मला पाठ झालं.

जसोंडीत पाटलांनी आधी तोच सूर लावला. "म्या बी राजीनामा देल्ला हाये, मले काय सांगता?" पण आबांनी स्वतःची खाट आणलेली पाहिली आणि पाटलांचा चेहरा उतरला. शहरातला मास्तर झोपायची खाट देतो आणि आपण जागा द्यायची नाही, हे त्यांना सोसेना. त्यांनी कापूस ठेवायची खोली उघडून दिली. नर्सबाई आत गेली आणि कापसाच्या धुळीनं शिंकली. पाटील मळ्याकडं निघाले होते, शिंक ऐकून ओट्यावर बसले. पुन्हा उठले, ती पुन्हा शिंकली. शिंकेवर पाऊल बाहेर टाकायचं नाही हा आमच्याकडचा रिवाज, आणि पाटील तो कडक पाळणारे. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ते घराबाहेर पडू शकले नव्हते. शेजारच्या घरातला नांगरही शिंकेपायी अंगणातच राहिला होता. शेवटी पाटलांनी स्वतःची बैठकीची खोली, तक्के-लोड काढून, नर्सबाईला दिली आणि आपण गोठ्याच्या पडवीत बसू लागले.

मग साहेब जीपमधून पाहणीला आला. पांढरी भिंत, खाट, उकळत्या पाण्याचं घंगाळ, बाहेर बायकांची रांग पाहून तो हरखला. आबांना आणि पाटलांना म्हणाला, "आपके राजीनामे की मिसाल हम गाँव-गाँव में देते हैं।" आबांची छाती फुगली. घरी येऊन म्हणाले, "सूनबाई, पाहिलंत? माझ्या राजीनाम्यापासून लोक बोध घेताहेत." मी म्हटलं, घेणारच. आबा गेले तोवर त्यांना खरा अर्थ कुणी सांगितला नाही, आणि मी तर नाहीच नाही.

एका रविवारी सकाळी दाजी सायकलवरून आले. सायकल ओट्याला टेकवून मला नुसतं 'चला' म्हणाले. मी पदर खोचला. आबा म्हणाले, मीही येतो, खाटेची नवार सैल झाली असेल ती बघतो. गाडी गावाबाहेर पडल्यावर मी आबांना ताईचं सांगितलं, पहिल्या दोघांचंही सांगितलं.

"मला आधी का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तुम्ही ठराव मांडला असता," मी म्हटलं.

आबा गाडीवानाकडं वळून म्हणाले, "जरा हाक की रे."

नर्सबाई आधीच ताईच्या घरी पोचली होती. तिनं मला दारातच अडवलं, हात धुवायला लावले आणि तरीही आत घेतलं नाही. मी उंबऱ्याला टेकून बसले. ओट्यावर आबा आणि पाटील. आतून ताईचा आवाज आला की दोघं मोठमोठ्यानं बोलू लागत. केळीच्या मुनव्याला शेणखत चांगलं की राखाडी, यावर पाटील ओरडत होते आणि ज्यांनी जन्मात केळीचा खुंट लावला नाही ते आबा त्यांना विरोध करत होते. दोघांपैकी कुणीही दुसऱ्याचं ऐकत नव्हतं. आवाज थांबला की तेही थांबत. मला इतकी भीती वाटत होती की मी देवाचं नावसुद्धा घेतलं नाही. मागच्या दोन्ही वेळी घेतलं होतं.

मग आत रडण्याचा आवाज झाला. बारीक, चिडलेला, आणि थांबेना.

नर्सबाईनं दार किलकिलं केलं. "लड़की है। रो रही है, सुना न? कपड़ा दीजिए, मुलायम, धुला हुआ।"

मी धावत जाऊन ताईची पेटी उघडली. तिच्यात लुगडी होती, दाजींचं लग्नातलं जाकीट होतं. एक झबलं नाही, दुपटं नाही, टोपडं नाही. फडताळ पाहिलं, तिथंही नाही. बाहेर येऊन मी म्हटलं, "घरात काहीच नाही हो."

आबांनी खांद्यावरचं उपरणं काढून पुढं केलं. त्याच वेळी पाटलांनी डोक्याचं पागोटं सोडायला घेतलं. चारचौघांत पाटलांचं बोडकं डोकं त्या दिवसाआधी कुणी पाहिलं नसेल. नर्सबाईनं दोन्ही कापडं नाकाशी नेली. "गुरुजी वाला धुला हुआ है।"

"माहा बी कालच धुयेल हाये!" पाटील कळवळून म्हणाले.

"अच्छा, दोनों दीजिए," नर्सबाई म्हणाली आणि आता मलाही आत यायची खूण केली.

पागोट्यात गुंडाळलेली आणि वरून उपरण्यात बांधलेली पोर ताईच्या कुशीत होती. दिसत होतं फक्त नाक. ताई तिच्याकडं बघत होती, पण हात लावत नव्हती. मी जवळ बसले. तिनं माझं मनगट धरलं. मागच्या दोन्ही वेळी तिनं आधीपासून सगळं शिवून ठेवलं होतं, झबली, टोपडी, दुपटी. ती कुठं गेली हे तिला कुणी कधी विचारलं नव्हतं. या वेळी तिनं सुईत दोरासुद्धा ओवला नव्हता.

पोरीनं पुन्हा भोकाड पसरलं. ताई घाबरून माझ्याकडं वळली आणि अगदी हळू विचारलं, "आता शिवू ना गं?"

"शिव," मी म्हटलं. "ढीगभर शिव."